शाकाहारी मटण आणि आईचा नवस

नाहूर, दि. ९ नोव्हेंबर १९८६, रविवार, सकाळचे आठ. (गॅलरीत बसून, वड्या शिजायची वाट बघत.)

तीर्थस्वरूप दत्ताराममामांच्या चरणी लवूचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामीच्या खोकल्याला उतार पडला का? आम्ही ठीक आहोत, म्हणजे जिवंत आहोत.

पोलीसभरतीत माझी छाती फुगवूनही एक बोट कमी भरली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जानेवारीत पुन्हा भरती आहे. त्यानंतर मी वयात बसणार नाही. तालमीतले सहदेवमास्तर म्हणाले, "लवू, मटण खा, अंडी खा, नाहीतर हवालदार न होता त्याची काठी होशील." नेमका त्याच संध्याकाळी आईने गावच्या रवळनाथाला नवस बोलून टाकला, की लवूला नोकरी लागेपर्यंत घरात मटण, मासळी, अंडे शिजणार नाही आणि लवू बाहेरही खाणार नाही. (मला विचारले नाही. देवालाही विचारले असेल असे वाटत नाही.) म्हणजे नोकरीसाठी छाती हवी, छातीसाठी मटण हवे आणि मटणासाठी आधी नोकरी हवी.

तेवढ्यात तुमचे पत्र आले, की सोयाबीनच्या वड्यांत मटणाच्या तोडीचे प्रोटीन असते आणि एक बकरा पोसायला जेवढे रान लागते तेवढ्यात वाडीभर लोकांना पुरेल एवढे सोयाबीन पिकते. मी ते घरात मोठ्याने वाचले. आईला पटले. ती स्वतः माझ्याबरोबर रतनशेठच्या दुकानात आली, आणि त्या माणसाने पिशवी पुढे करत तोंड उघडले, "घ्या मावशी, शाकाहारी मटण. एकदम झकास."

वाट लागली, मामा. आईने पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. मी सांगितले, हे शेंगेतले दाणे आहेत, शेतात पिकतात. ती म्हणाली, "नावात मटाण आसा ना रे? देवान इचारल्यान तर मी काय शेंग दाखवू?" आता गॅलरीत वेगळा स्टोव्ह, वेगळा टोप, आणि शिजवणारा मी. खोबऱ्याचे वाटपही मिळत नाही, कारण वाटप लावले की ते मटणच झाले, असे तिचे म्हणणे. मिठाच्या पाण्यातली वडी चावली की सायकलच्या सीटमधला स्पंज आठवतो. बाबांनी (गिरणी बंद पडल्यापासून वॉचमन आहेत, फार बोलत नाहीत) एक वडी चाखून टोप माझ्याकडे सरकवला. "माझी छाती कोण मोजतोय," एवढेच म्हणाले. काल मास्तरांनी टेप लावली. छाती होती तिथेच आहे. पोट मात्र न सांगता फुगते.

एका वाण्याच्या जिभेपायी एका माणसाची नोकरी जावी, हा कुठला न्याय?

तुमचा आज्ञाधारक भाचा,
लवू

ता. क. खरे काम हे, की देवळात गाऱ्हाणे घालून देवाला स्पष्ट सांगा, सोयाबीन हे कडधान्य आहे आणि रतनशेठला बोलायची अक्कल नाही. देवाने उजवा कौल देऊन होकार दिला की आईच्या नावाने तार करा. वाटपाचेही विचारून घ्या.

ता. क. दुसरा. आई येऊन बसली आहे. ती सांगते तसे लिहितो, यातले शुद्धलेखन तिचे: "दादानू, कोलंबीचे सुके सोडे नवसात धरतत काय, ता देवाक विचारा. ह्यांचा जेवाण तुटला." बाबा हल्ली खरेच अर्ध्या ताटावरून उठतात, तरी मी हरकत घेतली. ती म्हणते, "सोड्यांच्या नावात मासळी खंय आसा?"

मामा, आधी सोड्यांचे विचारा. सोयाबीनचे सवडीने.