हसऱ्याचा सोफा

२ मार्च, सकाळ
घर विकायचं ठरलं. म्हणजे हिनं ठरवलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, हिचे गुडघे कामातून गेलेले. मागच्या गल्लीत तळमजल्याचं एक घर हिनं बघून ठेवलंय. मालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. पण आधी आमचं विकलं जायला हवं. ही म्हणाली, एवढं एक काम मनावर घ्या. त्यात मनावर काय घ्यायचंय? मी हात लावला की घर हातोहात जाणार. संकल्प : रोज पहाटे उठून एकेक खोली आवरायची.

३ मार्च
साडेनऊला जाग. उद्यापासून.

५ मार्च
एजंट आला. केसांना जेल, तोंडी सारखं ‘सर, सर’. घरभर नाक मुरडत फिरला. म्हणे, अर्धं सामान काढा, रिकामं घर मोठं दिसतं. अरे शहाण्या, रिकामं तर मैदानही असतं! तिथे राहायला जातं का कुणी? माझी व्यायामाची सायकल (टॉवेल वाळत घालायला लागते), वडिलांचं लोखंडी कपाट, बंद पडलेले मिक्सर. यातली अडगळ नेमकी कोणती ते सांग म्हटलं, तर मोबाइल चाचपायला लागला. हिनं मात्र सांगितलं. सगळीच, म्हणाली. परक्या माणसासमोर नवऱ्याची अशी शोभा करतात का?

८ मार्च
दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. गिऱ्हाईकासाठी घर सजवायच्या प्रकाराला स्टेजिंग म्हणतात. एजंटला गंध नाही. झकास सोफा, कोपऱ्यात दिवा, चार कुंड्या, गिऱ्हाईक खल्लास. आमचा सोफा मधोमध खचलाय. मी तिथेच लोळतो म्हणून, असं ही म्हणते. धादांत खोटं.
तसा झकास सोफा शेजारच्या हसऱ्याकडे आहे. हा माणूस माझ्या डोक्यात जातो. जिन्यात भेटला की हसणार. काय हसतोस लेका? दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यानं हिला टेकायला स्टूल आणून ठेवलंय. मला न विचारता. मला खिजवायला, दुसरं काय.

९ मार्च
हसऱ्याकडे सोफा मागितला. लगेच हो म्हणाला. इतक्या सहज देतोय म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. म्हणून दिवा, गालिचा, जेवणाचं टेबल, कुंड्या आणि पडदेही मागितले. तेही दिले! वर हसला. त्याची बायको म्हणाली, भाऊजी, आम्ही खाली बसून जेवू, काही बिघडत नाही. टोमणा होता. न कळायला मी काय दूधखुळा आहे?

१२ मार्च
आमचं सामान सोफ्यासकट दोन्ही बाथरूममध्ये ठासलं. लोखंडी कपाट गॅलरीच्या दारात. उजेड अडतो जरासा, म्हणून तर दिवा आणलाय. ही म्हणाली, आंघोळ कुठे करायची? एक दिवस नाही केली तर मरतं का माणूस? ही हसऱ्याकडे जाऊन आंघोळ करून आली. घरभेदी!

१३ मार्च, संध्याकाळ
सकाळी भिंतीवरची ओल झाकायला स्वतः रंग मारला. रंगारी म्हणत होता, आधी गळती काढा. लुबाडायचे धंदे.
दुपारी गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको. सोफ्यावर बसले, खूश. उठताना बाई भिंतीला टेकल्या. पाठ पांढरीफटक. बाथरूम कुठे, म्हणाल्या. म्हटलं, बंद आहे. दुसरं? तेही बंद आहे. नेमका तेव्हाच आतून मिक्सर गडगडला. शेवटी ही त्यांना धुवायला हसऱ्याकडे घेऊन गेली. मागोमाग नवरा गेला. एजंटही गेला. चांगले तासभर तिकडे होते. परत येऊन म्हणाले, फारच आवडलं. झालं! शेजार पसंत पडला म्हणजे घर विकल्यातच जमा. हिला म्हटलं, बघ! हिनं कपाळाला हात लावला. गहिवरली असणार.

१८ मार्च
फोन नाही. मोठे व्यवहार सावकाशच होतात. एजंट आज जिन्यात दिसला. मला बघून घाईघाईनं हसऱ्याकडे शिरला. मला तोंड दाखवायची लाज वाटत असेल.

२४ मार्च
हलकट! नीच! घर विकलं गेलं. हसऱ्याचं! म्हणे ते किती मोकळं, काय उजेड, काय वारा! अरे, एकाच मापाची घरं आहेत दोन्ही! रिकामं मी केलं ते, माझ्या या हातांनी! विकायचं हसऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. गिऱ्हाईकच पाय धरून बसलं, म्हणतो. आणि हसतो.
ही म्हणाली, अजून आठवडा आहे, दुसरं गिऱ्हाईक येईल, आता तरी बाथरूम मोकळी करा. करणारच होतो. पण मूडच गेला. उद्या नक्की.

३१ मार्च
मुदत संपली. तळमजल्याचं घर गेलं. कुणाला, हे लिहायला हवं का? हसरा म्हणे आधी हिला विचारून गेला. हिनंच सांगितलं, तुम्ही घ्या, आमच्याच्यानं होणार नाही. मला का विचारलं नाही, म्हणून मी आवाज चढवला. म्हणाली, तुम्ही झोपला होतात.

२६ एप्रिल, संध्याकाळ
हसरा आज नव्या घरी गेला. सोफा जिन्यानं उतरवून मागच्या गल्लीत पोचवायला मी. वळणावर अडकला, माझी बोटं चेचली. ही स्टुलावर टेकत, थांबत आधीच उतरली होती.
नव्या घरात सोफा ठेवला तशी ही त्यावर बसली. मग उठली, दारातून बाहेर अंगणात गेली, परत आत आली. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. पायरीच नाही. नुसती ये-जा करत होती आणि हसत होती. हिला असं हसताना कधी पाहिलं होतं, आठवेना.
चल वर, म्हटलं. नाही म्हणाली. हसऱ्याची बायको म्हणाली, राहू दे की हो भाऊजी, मागची खोली रिकामीच आहे. हिनं कपड्यांची पिशवी बरोबर आणलेलीच होती. उतरताना माझं लक्षच गेलं नाही.
एकटाच वर आलो. वळणावर स्टुलावर बसलो थोडा वेळ. दमलो नव्हतो, सहजच.
आमचं सामान अजून बाथरूममध्येच. सोफा नाही, दिवा नाही, पडदे नाहीत, ही नाही. हॉल खरंच मोठा दिसतो.