सावारो परत नेला

एलिसेओ,

अंगणातला सावारो निवडुंग दिसणार नाही. चोरीला गेलेला नाही, तेव्हा शेजाऱ्यांकडे चौकशी करत फिरू नकोस. फाउस्तोदादाला बोलावून मी तो पुन्हा खणून काढला. तू ज्या डोंगरावरून आणलास तिथेच लावायला आम्ही त्याला नेतोय. काटे लागतात म्हणून तुझी जुनी गोधडी गुंडाळायला घेतली आहे.

"तुझ्यासाठी आणला," म्हणालास. कमरेएवढं व्हायला त्या निवडुंगाला आपल्या वयाएवढी वर्षं लागली असतील. मुळं तोडून आणलास आणि वर बादलीभर पाणी ओतलंस. चार दिवसांत कुजला असता. दादा हसून म्हणाला, "जावईबापू भांडले की डोंगर उघडा पडतो वाटतं!"

मी तुला दवाखान्यात सोबत ये म्हटलं होतं. झाड मागितलं नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले, ते तू अजून विचारलेलं नाहीस.

भिंतीजवळच्या कुंड्यांत मी बियांपासून वाढवलेली रोपं आहेत, नखाएवढी. त्यांना पाणी घालू नकोस. दुपारी वरून जाळी ओढ, एवढंच. राजमा शिजवून ठेवलाय, तॉर्तिया फडक्यात आहेत.

डोंगरावरून मी परस्पर आईकडे उरेसला जाईन. तिला भांडणाचं सांगणार नाही. न्यायला यायचं असेल तर रविवारी ये. पण या खेपेला हात हलवतच ये.

दोमितिला