घर, जहाजे आणि अंगठा यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, अविवाहित, धंदा शिडांच्या जहाजांच्या लहान प्रतिकृती बनवणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मन मात्र भ्यालेले आहे, आणि तेवढ्याने कागद बाद होत नाही असे वकीलबाई सांगतात.

माझ्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगली आहे. तिच्यावर उद्या शस्त्रक्रिया आहे. तोवर ती फुटू नये म्हणून मी लाकूड घासणे बंद केले आहे, कारण भुशाने शिंका येतात. टेबलाखाली पडलेली कप्पी उचलायलाही वाकत नाही.

१. हे राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते मी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नीला, म्हणजे वहिनीला, देत आहे. कारण लिहून ठेवते.

गेल्या महिन्यात मी कामाच्या खोलीत कोसळले. दवाखान्यात जाग आली तेव्हा माझा डावा अंगठा निळा होता. तो कशावर टेकवला गेला, मला आठवत नाही. वहिनीने सांगितले की दादा घराचे कागद आणि शाईचे पॅड घेऊन आला होता. माझा हात तो कागदाकडे नेत असताना तिने मनगट धरले आणि म्हणाली, “वन्सं शुद्धीवर येऊ देत. मग त्यांनाच विचारा.” तीस वर्षांत तिने त्याला असे अडवले नव्हते. तो कागद तिने फाडला. पण त्याआधी ती औषधे आणायला खाली गेली होती; तेवढ्या वेळात आणखी कुठल्या कागदावर अंगठा उठला का, हे तिला माहीत नाही. मी दादाला विचारले. तो संत्रे सोलत होता. “वेळ आली की कळेल,” एवढेच म्हणाला.

२. म्हणून जाहीर करते की मला लिहिता येते आणि मी सहीच करते. माझा अंगठा असलेला कोणताही कागद माझा समजू नये.

३. तयार जहाजे, हत्यारे, लाकूड, दोरा हे सर्व वहिनीला. दुपारी दादा झोपला की ती इथे येऊन शिकते. टेबलावरचे जहाज तिने पुरे करावे. वहिनी, फळी वाकवताना मोडते, कारण तुम्ही घाई करता. गरम पाण्यात भिजू द्यावी. फळ्या एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूला लावाव्यात, नाहीतर सांगाडा पिळवटतो. दोऱ्याला लव सुटली तर तो मेणावरून ओढावा. दोऱ्याचे टोक कप्पीच्या भोकात जात नसेल तर डिंकात बुडवून वाळवावे, सुईसारखे ताठ होते. डोलकाठी डावीकडे झुकली आहे. ती चूक तुमची नाही, आजारपणात माझा हात दोरा ओढायला धजला नाही. डावीकडचे दोर सैल करून समोरासमोरची जोडी एकत्र ताणावी. फार ताणू नये. पावसाळी हवेत दोरा आपोआप आवळतो आणि काठी मोडते.

४. बंदराच्या कचेरीत काचेच्या पेटीत माझे मोठे जहाज आहे. खालच्या पट्टीवर दादाचे नाव आहे. पोचवायला तो गेला होता. ती पट्टी काढावी. माझे नाव लावले नाही तरी चालेल, त्याचे नको.

५. बँकेतली शिल्लक दवाखान्याचे देणे भागवून वहिनीला. दादाला मी काही देत नाही. हे विसरून नव्हे, समजून उमजून.

६. शस्त्रक्रियेत मी मेले तर हा कागद चालेल. पण जगले, आणि कोणाला ओळखेनाशी झाले तर? मी विचारले तेव्हा वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. मृत्युपत्र जिवंत माणसाला राखत नाही, म्हणाल्या. त्यासाठी वेगळा कागद केला आहे. माझा ताबा वहिनीकडे असावा, दादाला माझ्याजवळ एकटे सोडू नये, असे त्यात आहे. तो कोर्टात किती टिकेल, याची खात्री त्याही देत नाहीत. मरणापेक्षा मला याचेच भय वाटते.

वहिनी काल एक बॅग घेऊन इथे राहायला आली. दादाला सांगून आलेली नाही.

हे लिहीत असताना खाली बेल वाजते आहे. वहिनी दाराकडे पाहत उभी आहे, उघडायला कोणी गेलेले नाही. साक्षीदारांनी आधी सह्या कराव्यात.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. घराजवळचे डॉक्टर. मी यांना तपासले; भान पूर्ण आहे. (सही)
२. लाकडाच्या वखारीचे मालक. माझ्यासमोर सही झाली. (सही)

ठिकाण: राहते घर, वरची कामाची खोली, दार आतून लावलेले.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस.