उरलेली पाच कॉलेजं

बार्टन्स फेरी, ओहायो
२१ ऑगस्ट

चि. रस यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर आपण दोघं तिसऱ्या मिनिटाला भांडायला लागतो आणि मला हे न भांडता विचारायचं आहे.

इकडे फुटबॉलचा सराव सुरू झाला. यंदा सत्त्याऐंशी मुलं आली आहेत. तीन दिवस मी नुसती हेल्मेटं आणि खांद्याची कवचं वाटत होते. केंटकीहून थिओ वॉम्बाक नावाचा एकजण आला आहे, त्याचं डोकं कोठीतल्या एकाही हेल्मेटात मावेना. शेवटी नवीन मागवलं. एकतीस वर्षं मी या संघाचं सामान सांभाळते आहे, पण असं डोकं पाहिलं नव्हतं.

सोमवारच्या पेपरात आलं आहे की तुझं लेकमोर विद्यापीठ आणि आणखी दोघं पुढच्या जुलैत आपली लीग सोडून मोठ्या लीगमध्ये जाणार. आठातून तीन गेले की उरलो आम्ही पाच. कोच डेमरिस माझ्या लाँड्रीच्या दारात येऊन उभे राहिले. तुझा भाऊ तिथला क्रीडासंचालक, तो काही बोलला का, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, माझा भाऊ मला त्याच्या गळक्या छपराबद्दल आणि गुडघ्याबद्दल सांगतो, असल्या गोष्टी नाही. ते हसले. मला हसू आलं नाही.

खरं आहे का, एवढंच कळव. ग्लेंडाला नमस्कार.

पोस्टमनकडे डोळे लावून बसलेली,
नोरीन


लेकमोर, इंडियाना
२९ ऑगस्ट

प्रिय नोरीन हिस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

खरं आहे. मला मार्चपासून माहीत होतं. कुणाला सांगणार नाही, असं लिहून घेतलं होतं माझ्याकडून, आणि त्या 'कुणाला'मध्ये तूही होतीस.

निर्णय माझा नाही. नव्या लीगचे सामने टीव्हीवर दिसतात, आमच्या अध्यक्षांना तेच हवं आहे. मला विचारलं तेव्हा मी बार्टन्स फेरीचा विषय काढला होता. ते म्हणाले, रस, ते तुझं गाव आहे, आमचं नाही.

तुमच्या अध्यक्षबाईंना एक सांग, पण माझं नाव मध्ये आणू नकोस. दक्षिणेकडच्या लीगमध्ये एक जागा रिकामी आहे. ते तुमचे बाकी सगळे खेळ घेतील, फक्त फुटबॉल घेणार नाहीत. घाई केलीत तर मिळेल. एवढ्या लहान कॉलेजला फुटबॉल हवाच असं काही नाही गं. शांतपणे विचार कर.

छपराचं काम झालं. गुडघा तसाच आहे. राग आला असेल तर तो पत्रातच काढ, मनात ठेवू नकोस.

तुझा,
रस


बार्टन्स फेरी
१७ सप्टेंबर

चि. रस यास,
आशीर्वाद वि. वि.

शांतपणे विचार केला. आमच्या कॉलेजात सगळी मिळून सहाशे चाळीस मुलं. त्यातली सत्त्याऐंशी फुटबॉलसाठी येतात. फुटबॉल बंद झाला तर त्यातली साठ तरी येणार नाहीत. मग बँड कुणासाठी वाजणार? त्यातली वीस मुलं नर्सिंग शिकतात, तो वर्ग मग कुणाला घेऊन चालवायचा? अध्यक्षबाईंनी सभा घेऊन हेच सगळ्यांसमोर सांगितलं, आणि बाई रडव्या नाहीत, तरी दोनदा पाणी प्यायल्या. नऊ डिसेंबरला विश्वस्त मत देणार आहेत, फुटबॉल ठेवायचा की नाही यावर.

तुझा निरोप त्यांना दिला, नाव न सांगता. तो निरोप त्यांना आधीच चार ठिकाणांहून आला होता.

मग मी मला जमतं ते केलं. उरलेल्या चारही कॉलेजांत माझ्यासारखं काम करणाऱ्यांना फोन लावले. आमची ओळख जुनी. कुणी जर्सींची पेटी विसरलं, कुणाचे हेल्मेटाचे पट्टे संपले, की आम्हीच एकमेकांना देतो, कोचांना पत्ताही नसतो. त्यातल्या मर्लच्या कॉलेजात तशीच सभा झालेली, टीना बोगार्डसकडेही तशीच. कुणालाच खेळ सोडायचा नाही, पण एकटं कुणाला परवडत नाही. टीना म्हणाली, आपण पाचजणच एकमेकांशी दोनदोनदा खेळू, एकदा आपल्याकडे, एकदा त्यांच्याकडे. आठ सामने होतात. बसचा सगळ्यात लांबचा पल्ला चार तासांचा. मी कोचना सांगितलं तर ते आधी हसले, आणि मग खुर्ची ओढून कागद मागितला.

आता टीनाच्या अध्यक्षांकडून नवीनच कळलं. जाणाऱ्या तिघांना म्हणे जाण्याआधी लीगच मोडून टाकायची आहे. लीगच नसेल तर सोडून जाण्याचा दंडही भरायला नको. आठातली पाच मतं पडली की झालं. तुमची तीन आहेतच. इकडच्या दोघांना लीगच्या शिलकीतला वाटा दाखवून गळाला लावलंय. लीग मोडली तर पंचांचे करार गेले, राष्ट्रीय स्पर्धेतली जागा गेली, सगळंच गेलं. मग पाचजणांनी कुठल्या नावाखाली खेळायचं?

लेकमोरचं मत तू देतोस, हे मला ठाऊक आहे. मी तुझ्याकडे काही मागत नाही. मागितलं तर तुला नाही म्हणावं लागेल, आणि मग थँक्सगिव्हिंगला टर्की कोण कापणार?

लोभ आहेच. तो वाढवायचा की आहे तिथेच ठेवायचा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

नोरीन


लेकमोर
२ ऑक्टोबर

प्रिय नोरीन हिस,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. मतदान वीस तारखेला आहे. मत कुठे टाकायचं ते मला लेखी कळवण्यात आलं आहे, त्यात शंका घ्यायला जागा नाही. मी सत्तावन्न वर्षांचा आहे, धाकटीची अजून दोन वर्षं कॉलेजची आहेत आणि ग्लेंडा नुकतीच आजारातून उठली आहे. हे तुला माहीत आहे, तरी लिहितो आहे.

तोवर या विषयावर मला लिहू नकोस, ही विनंती.

चौदाला आमचा संघ तुमच्याकडे येतो आहे. मीही येईन. हायवेजवळच्या मोटेलात उतरेन, तू पलंग वगैरे घालत बसू नकोस.

रस


बार्टन्स फेरी
१६ ऑक्टोबर

चि. रस यास,
आशीर्वाद वि. वि.

पलंग घातला होता. तू घरी राहायला आला नाहीस, ते बरोबरच केलंस.

एक्केचाळीस–दहा. तुमची मुलं चांगली खेळली आणि आमच्या कुणाला मोठं लागलं नाही, म्हणून मी समाधानी आहे. पाहुण्यांच्या खोलीत न बसता तू सगळा वेळ कुंपणापाशी उभा होतास, ते आमच्याकडच्या सगळ्यांनी पाहिलं. बेकरीवाल्या ऑडनं तुला पाठमोरा ओळखला. म्हणाली, हा लहानपणी असाच उभा राहायचा, तिकिटाला पैसे नसायचे म्हणून.

मग तू लाँड्रीत आलास, टॉवेलांच्या घड्या घालायला लागलास. आपण त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. थिओ नर्सिंगचं पुस्तक काखेत मारून हेल्मेट परत द्यायला आला तेव्हा तूच त्याला विचारलंस की फुटबॉल बंद झाला तर काय करशील. घरी जाईन म्हणाला, काकाच्या टायरच्या दुकानात. तू विचारलंस, आणि नर्सिंगचं काय? तर तो म्हणाला, सर, मी खेळतो म्हणून घरच्यांनी शिकायला पाठवलंय, नुसतं शिकायला कोण पाठवतं. तक्रारीचा सूर नव्हता. उद्या ढग आहेत म्हणावं तसं म्हणाला आणि जेवायला गेला.

मी त्याला पढवून पाठवलं होतं असं तुला वाटलं असेल, तर तसं नाही. तो रोज त्याच वेळी हेल्मेट आणून देतो.

विषय काढू नकोस म्हणाला होतास, म्हणून इथेच थांबते. टॉवेलांच्या घड्या चुकीच्या घालतोस, सगळ्या परत घातल्या.

नोरीन


लेकमोर
३० ऑक्टोबर

प्रिय नोरीन हिस,
स. न. वि. वि.

तुला कळलंच असेल. चार विरुद्ध चार, ठराव पडला. लीग राहिली. मतदान गुप्त नव्हतं, पण इतिवृत्तात नावं घालत नाहीत.

इकडे थंडी लवकर आली आहे. यापुढे ऑफिसच्या पत्त्यावर पत्र घालू नकोस, घरच्या पत्त्यावर घाल. थँक्सगिव्हिंगला जमणार नाही, थोडी आवराआवर आहे.

कळावे, काळजी नसावी.

रस


बार्टन्स फेरी
१२ डिसेंबर

प्रिय रस,
अनेक, अगदी अनेक आशीर्वाद वि. वि.

विश्वस्तांनी नऊ विरुद्ध सहा मतांनी फुटबॉल ठेवला. तीन वर्षांपुरता, मग पुन्हा पाहू म्हणाले. पाचही कॉलेजांनी सही केली. पहिला सामना सहा सप्टेंबरला, टीनाकडे.

आता तुझं. टीनाचे अध्यक्ष त्या खोलीत होते. हात वर करा म्हटल्यावर चार हात वर गेले. पाचवा लेकमोरचा जाणार म्हणून सगळे थांबले, तुमच्या वकिलानं तुझ्याकडे वळूनही पाहिलं. तू पेनाचं टोपण लावलंस आणि पेन खिशात ठेवलंस. हे मला सहा आठवड्यांनी परक्या माणसाकडून कळलं. आणि तू ऑफिस रिकामं केल्याचं ग्लेंडाच्या ख्रिसमस कार्डावरून, तेही कोपऱ्यात दोन ओळींत. आवराआवर म्हणे.

मला वाटलं होतं की तू हात वर करशील. सप्टेंबरभर मी तुला मनात जे काही बोलले ते लिहीत नाही, पण बोलले होते. ते तुला सांगणं भाग होतं.

पाचजणांना वेळापत्रक, पंच, बसगाड्या बघायला एक माणूस हवा होता. टीनानं तुझं नाव सुचवलं. नात्यातली म्हणून मी बैठकीतून बाहेर जाऊन उभी राहिले. तुला घेतलं नाही. दोन अध्यक्ष म्हणाले, लेकमोरच्या माणसावर कसा भरवसा ठेवायचा. टीना त्यांच्याशी भांडली, पण उपयोग झाला नाही. हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

धाकटीच्या फीचं काय करता आहात, ते खरंखरं कळव. मला एकटीला किती लागतं?

तुझ्यावर रागावलेली आणि तुझा अभिमान असलेली, दोन्ही एकदम,
नोरीन


लेकमोर
९ सप्टेंबर

प्रिय नोरीन हिस,
साष्टांग नमस्कार वि. वि. (गुडघा असल्यामुळे कागदावरच.)

धाकटीनं कॅन्टीनमध्ये काम धरलं आहे. तू पाठवलेलं मी परत करणार होतो, ग्लेंडानं करू दिलं नाही. मी इथल्या हायस्कुलात शिकवतो आणि दुपारी चौदा वर्षांच्या मुलांना चेंडू घट्ट धरायला शिकवतो. ते धरत नाहीत.

सहा तारखेला मी टीनाच्या गावी आलो होतो. तुला सांगितलं नाही. मतदानानंतर मला कुणी आमंत्रणही दिलेलं नव्हतं आणि ते मागावंसंही वाटलं नाही. रांगेत उभा राहून तिकीट काढलं. फाटकावरच्या म्हाताऱ्यानं मला ओळखलं. गेल्या वर्षी पेपरात त्याची दोन पत्रं आली होती, आम्हा तिघांना पळपुटे म्हणणारी. त्यानं तिकीट फाडलं, अर्धं मला दिलं आणि विचारलं, कुठल्या बाजूला बसणार?

तीस वर्षं मला कधी कुणी हे विचारलं नव्हतं. कुठे बसायचं ते नोकरी ठरवायची. मी म्हटलं, बार्टन्स फेरीच्या.

त्यानं बोटानं दाखवलं, पलीकडे, उन्हात. मी तिथे बसलो. तू मला पाहिलं नाहीस, तू खाली कुणाच्या तरी कवचाचा पट्टा ओढत होतीस. दोन फळ्या सोडून एक गृहस्थ बसले होते, पहाटे केंटकीहून निघालेले. त्यांचा मुलगा मैदानात उतरला की ते उभे राहायचे आणि मागचे लोक त्यांना खाली बसा म्हणून ओरडायचे. शेवटी मीही उभा राहिलो.

तुम्ही हरलात. वीस–सतरा. मी पुढच्या शनिवारीही येतो आहे.

तुझाच,
रस