चारला कोण?

मंगळवार, रिफा (आखात)

काल लिहिलं ते चुकलं. दीपकने आमच्या संघात चौथा नंबर मागितला नव्हता. यायला हो म्हणाला आणि एवढंच विचारलं, "चारला कोण खेळतो?" बाबांनी दादाकडे बोट दाखवलं. दीपक हसला.

अर्धा संघ गावी परतल्यापासून बाबांना असाच मोठा फलंदाज हवा होता. सगळे खूश आहेत. मी मात्र जुन्या स्कोअरच्या वह्या काढल्या, त्यांत समोरच्या संघांचीही नावं असतात. दीपक आधी तीन संघांत होता. तिन्हीकडे तो आल्यावर चार नंबरचा माणूस एकच सामना खेळला, आणि पुढच्या पानावर त्याचं नाव नाही. तिथे दीपक. एक जिन्यावरून पडला, एकाचा व्हिसा रद्द झाला. तिसऱ्याचं कुणालाच माहीत नाही.

बाबा म्हणाले, "बाय, इथे माणसं येतात, जातात. खलास."

दादा म्हणाला, "स्कोअररबाई, भुतं नको, रन मोजा."

योगायोग असेल. पण मग तो हसला कशाला?

बाबा सांगतील तेच वहीत लिहायचं, हे मी घरातच शिकले. आजवर एक अक्षर बदललं नाही. शुक्रवारी सकाळी, दीपकच्या आमच्याकडच्या पहिल्या सामन्यात, टॉसच्या आधी, चौथ्या जागी मी दादाऐवजी त्याचंच नाव लिहिणार आहे.