घंटेबद्दल क्षमस्व

बाबा,

त्या दिवशी तुम्ही ऐकलं होतं का, एवढंच मला विचारायचं होतं. तुम्ही होतात तेव्हा धीर झाला नाही, आणि धीर आला तेव्हा तुम्ही नव्हतात.

रविवारी हॉस्पिटलला सुट्टी असली की तुम्ही मला गाडीत घालून बर्मिंगहॅमबाहेरच्या कुठल्यातरी खेड्यातलं जुनं चर्च बघायला न्यायचात. वर्गातल्या मुली शॉपिंगला जायच्या आणि मी चौदाव्या वर्षी दगडी खांब मोजायची. "हा सभामंडप," तुम्ही सांगायचात, "आणि त्या कोरीव लाकडी जाळीपलीकडे गाभारा. माणूस कुठलाही असो, देवाला थोडं आतच ठेवतो." त्या दिवशीच्या चर्चच्या तुळयांवर लाकडी देवदूत होते, चेहरे कुणीतरी शतकांपूर्वी तासून टाकलेले. ते तुम्हाला फार बघायचे होते.

पोर्चमध्ये तुम्ही बूट काढलेत, तेव्हाच मी चार पावलं मागे राहिले. मनोऱ्याखाली घंटेचा दोर लोंबत होता, धरायच्या जागी लाल-पांढरी लोकर असलेला. देवळात शिरताना हात आपोआप वर जातो, तसा तुमचा गेला. एकदा ओढलात, काही वाजलं नाही, म्हणून पुन्हा जोर लावलात. बाबा, काय ती घंटा! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आत फुलं मांडणारी बाई कात्रीसकट धावत आली. "ओ माय गुडनेस, ती आम्ही फक्त फ्युनरलला वाजवतो!" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "इज ही विथ यू, लव्ह?"

"नो," मी म्हणाले. अख्ख्या गावात त्या दिवशी सावळी माणसं दोनच, आणि त्यातल्या एकीनं दुसऱ्याला ओळख दाखवली नाही. शेंबडं पोरही फसलं नसतं. बाई मात्र "राइट" म्हणाली आणि तुमच्याकडे वळली. तुम्ही मोज्यांवर उभे होतात, पाठ माझ्याकडे.

मी बाहेर येऊन थांबले. दार उघडंच आहे. आत बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाशेजारी, पाहुण्यांच्या वहीत तुम्ही काहीतरी लिहिताय, आणि तुमचं लिहून संपतच नाहीये. परत येताना तुम्ही देवदूतांबद्दल बोललात, भूक लागली का विचारलंत. घंटेचं नाव काढलं नाहीत. त्यानंतर मात्र रविवारी तुम्ही एकटेच जायला लागलात, आणि मी सुटले म्हणून खूश झाले. लाज वाटते सांगायला, पण झालेच.

आता मेडनहेडच्या घरी मी एकटीच असते. रविवार संपता संपत नाही. गेल्या आठवड्यात कामासाठी बर्मिंगहॅमला गेले, दुपार मोकळी मिळाली, तर टॅक्सी करून तिथे पोचले. सगळं तसंच आहे. दोर मात्र आता उंच बांधून ठेवतात. चर्च सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना म्हटलं, माझे वडील इथं येऊन गेले होते, जुनी वही बघायला मिळेल का? त्यांनी तीन कुलपांची ओक लाकडाची पेटी उघडली. शोधायला तासभर लागला. तुमचं ते डॉक्टरी अक्षर मी कुठेही ओळखेन.

इंग्रजीत लिहिलंय : छत फार सुंदर. घंटेबद्दल क्षमस्व. आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत, मी एकटाच आलो होतो.

म्हणजे ऐकलं होतंत. बाई वही वाचेल, पोरगी खोटी पडेल, म्हणून तुम्ही माझं खोटं स्वतःच्या सहीनं खरं करून ठेवलंत. मी ती ओळ बोटानं पुसून पाहिली, बाबा. शाई पक्की आहे.

गृहस्थांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "ऑन हिज ओन, वॉज ही?" ते हळूच म्हणाले.

खरं सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी "येस" म्हणाले.