परक्या रिंगणातली फुगडी

१४ ऑगस्ट १९९८, शुक्रवार
आज मंडळाची मंगळागौर. या आखाती देशात मंगळवारसुद्धा सुट्टीच्या शुक्रवारीच येतो! स्मिताचा फोन — "तू ये हं, बघायला. यतीनला जाऊन वर्ष झालं, घरात किती बसशील?"
बघायला! नवरा गेला म्हणून माझे पायही गेले का? अख्ख्या अजमानात फुगडीत मला हरवणारी एक बाई दाखवा. गेले नाही. भांडी आपटत बसले.

३ सप्टेंबर
आमच्या साहेबांची बायको मोराग ऑफिसात आली. स्कॉटलंडची, पन्नाशीची, हसली की काचा हादरतात. नोव्हेंबरात दुबईत त्यांचा मोठा उत्सव आहे — पाईप, नाच, गोष्टी. नाचायला एक बाई कमी पडतेय, तू ये म्हणाली. मी सांगितलं, आय ॲम अ विडो.
"ओके. अँड युअर नीज?"
गुडघे ठणठणीत आहेत म्हटलं.

१७ सप्टेंबर
पहिली तालीम. त्यांच्या नाचात मध्येच दोघी हातांची अढी घालून गरगर फिरतात. अगं बाई, ही तर फुगडी! मी सवयीनं मागे वजन टाकलं नि घेतली गिरकी. मोराग ओरडतेय, "स्लो, स्लो!" फुगडी आणि स्लो? आज घाम आला. रडू नाही आलं.

२२ ऑक्टोबर
शैलेंद्रभावजी चार तास गाडी हाकत रुवैसहून थेट दारात. कुणीतरी कळवलंच.
"वहिनी, हे खलास करा. परक्या पुरुषांत नाचणार? दादा असता तर? आमची आई तिशीत विधवा झाली, कधी मान वर केली का तिनं? तिला कळलं तर काय होईल?"
मी विचारलं, "चहा घेणार?" ते अजून बोलतच होते. मी पुन्हा विचारलं, "चहा?" तसेच गेले तणतणत. जाऊ देत!
पण सासूबाईंची भीती वाटते, खोटं का लिहू? त्यांनी एक शब्द टाकला तर मला मोडता येणार नाही.
अंतरा म्हणते, "आई, प्लीज डोन्ट. माय फ्रेंड्स विल बी देअर." म्हटलं, पुढच्या रांगेत बसव त्यांना.

२६ नोव्हेंबर
उद्या! भावजींचा फोन — गावी आईला सगळं सांगतोय. सांगा! मी नऊवारीच नेसणार.

२७ नोव्हेंबर
आधी एका म्हाताऱ्यानं समुद्रातल्या बाईची गोष्ट सांगितली, मग पाईप सुरू झाले नि आम्ही उतरलो. भर नाचात त्यांचे पुरुष "हूच!" करून किंचाळतात. मला कुठलं भान! मी नि मोराग फिरायला लागलो आणि माझ्या तोंडून निघाला तो पकवा, फुगडीत घालतो तोच — पक्! पक्! पक्! अगदी माईकसमोर! मेले म्हटलं आता. पाईपवाला बिचारा वाजवत राहिला. मग अशा टाळ्या पडल्या की बास!
तेवढ्यात मागून — "अगं, ही तर आपली विद्युल्लता!" स्मिता! तिकीट काढून आली होती बया. बघायला!
मी तिच्याकडे बघून आणखी एक गिरकी घेतली. मुद्दाम.

३० नोव्हेंबर
पेपरात फोटो आलाय. अंतरानं शाळेत नेला.

४ डिसेंबर
सासूबाईंचा फोन, गावच्या एसटीडीवरून. मी कंबर कसूनच हॅलो म्हटलं.
"शैलेंद्र बोलला मला."
"मी नाच सोडणार नाही, आई."
पलीकडे त्यांनी बूथचं दार ओढून घेतल्याचा आवाज. मग हळू आवाजात —
"तुझे सासरे गेल्यापासून मी फुगडी घातली नाही गं. थांबल्यावर अजून सगळं गरगरतं का?"
"गरगरतं, आई."
"मग मला तिकडे बोलावून घे. शैलेंद्रला विचारू नकोस."